बाहुलीची भाषा : डोळ्यांच्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि चेताविकारांच्या निदानाचा इतिहास

प्रास्ताविक

रुग्णालयात बेशुद्ध माणूस आणला की डॉक्टर नाडी आणि श्वास पाहतात आणि लगेच त्याच्या पापण्या वर करून डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकतात. नातेवाइकांना वाटते, डॉक्टर डोळे तपासत आहेत. खरे तर ते मेंदू तपासत असतात. डोळ्याच्या मध्यावरचे काळे गोल छिद्र, म्हणजे बाहुली, उजेडाने लहान झाली की नाही, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत की नाहीत, पापण्या सारख्या उघडतात की नाही, एवढ्या निरीक्षणावरून कवटीच्या आत काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो.

हे ज्ञान एका दिवसात किंवा एका देशात मिळालेले नाही. बाहुली उजेडात आकुंचते हे माणसाने फार पूर्वी पाहिले. ती का आकुंचते हे कळायला शतके लागली. आणि ती आकुंचली नाही तर त्याचा अर्थ काय, यावर तर वेळोवेळी मते बदलली. खूण आधी दिसते आणि अर्थ मागाहून कळतो. मधल्या काळात चुकीचा अर्थ लावला गेला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. हा धागा हाती धरून आपण या विषयाचा इतिहास पाहणार आहोत.

१. प्राचीन निरीक्षणे : मोतीबिंदू काढावा की नाही?

बाहुलीकडे वैद्यांचे लक्ष प्रथम गेले ते मोतीबिंदूमुळे. प्राचीन काळी मोतीबिंदूवर एकच शस्त्रक्रिया होती. टोकदार शलाका डोळ्यात घालून गढूळ झालेले भिंग दृष्टीच्या वाटेतून खाली ढकलायचे. पण भिंगाच्या मागचा डोळाच निकामी असेल तर या खटाटोपाचा उपयोग नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी हे ओळखण्याची निकड होती.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली आहे. त्यात दृष्टीचे, म्हणजे आपण ज्याला बाहुलीचा भाग म्हणतो त्याचे, माप मसुराच्या डाळीएवढे दिले आहे. कफज लिंगनाश या प्रकारात, ज्यावर शलाकेची शस्त्रक्रिया सांगितली आहे, दिसणारे पांढरे मंडल उन्हात आकुंचते आणि सावलीत पसरते असे वर्णन येते. आजचा वाचक ते वाचतो तेव्हा त्याला मोतीबिंदूच्या भोवतीची बाहुली उजेडाला प्रतिसाद देत असल्याचे चित्र दिसते. संहिताकारांनी त्याचे स्पष्टीकरण दोषांच्या भाषेत दिले. परंतु निरीक्षण डोळसपणे केलेले आहे.

दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गेलेन या ग्रीक वैद्याने वेगळी कसोटी सांगितली. रुग्णाला एक डोळा मिटायला सांगा. दुसऱ्या डोळ्याची बाहुली मोठी झाली तर शस्त्रक्रियेला आशा आहे, नाहीतर नाही. गेलेनच्या मते दृष्टिचेता पोकळ असून तिच्यातून मेंदूतला प्राणवायूसारखा सूक्ष्म पदार्थ डोळ्यात उतरतो. एक डोळा मिटला की सगळा प्रवाह दुसऱ्या डोळ्यात जातो आणि बाहुली फुगते.

ही कसोटी पुढे शतकानुशतके चालू राहिली. पण आजच्या ज्ञानाने ती तपासून पाहा. समजा, एका डोळ्याची दृष्टिचेता पूर्ण निकामी आहे. दुसरा निरोगी डोळा उघडा असताना त्यात शिरणाऱ्या उजेडामुळे दोन्ही बाहुल्या लहान राहतात. तो निरोगी डोळा मिटला की आंधळ्या डोळ्याची बाहुली मोठी होते. म्हणजे गेलेनच्या कसोटीत हा आंधळा डोळाही उत्तीर्ण होतो! बाहुली हलते एवढेच ती कसोटी सांगते. डोळ्याला उजेड कळतो की नाही हे सांगत नाही. त्यासाठी उजेड थेट त्याच डोळ्यात टाकून पाहावे लागते. बाहुली उजेडात लहान आणि अंधारात मोठी का होते, या प्रश्नाचा स्वतंत्र विचार करण्याचे श्रेय साधारणपणे नवव्या-दहाव्या शतकातील पर्शियन वैद्य अर-राझी यांना दिले जाते.

२. आज्ञा कोण देते? प्रतिक्षिप्त क्रियेचा शोध

तुमच्या डोळ्यासमोर मित्राने अचानक हात आणला तर तो मारणार नाही हे ठाऊक असूनही पापण्या मिटतात. हे उदाहरण रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४९ च्या ग्रंथात दिले आहे. इच्छेला न विचारता शरीर कृती करते, हा त्याचा मुद्दा होता. परंतु ती कृती कोणत्या वाटेने घडते, हे त्याला प्रयोगाने दाखवता आले नव्हते.

ते काम पुढे एडिंबरोत झाले. रॉबर्ट व्हाइट या वैद्यकाच्या प्राध्यापकाने १७५१ मध्ये प्राण्यांच्या अनैच्छिक हालचालींवर ग्रंथ लिहिला. त्या काळी अनेकांना वाटे की उजेड परितारिकेवर, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर पडतो आणि तो पडदाच चाळवून आकुंचतो. व्हाइट यांनी मांडले की तसे नाही. उजेड आतल्या दृष्टिपटलावर पडला पाहिजे आणि तिथून आलेला संदेश बाहुलीला हलवतो. त्यांनी एका मुलाचीही हकीकत नोंदवली. त्याच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देईनाशा झाल्या होत्या. मृत्यूनंतर पाहिले तर मेंदूच्या थॅलॅमस या भागावर एका गाठीचा दाब आलेला होता. डोळे शाबूत, बिघाड मेंदूत, आणि खूण मात्र बाहुलीत! चेताविकारतज्ज्ञ आज रोज ज्या पद्धतीने विचार करतात, तिचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे.

१७६५ मध्ये इटलीतील फेलिचे फोंताना यांनी प्रयोगाने हे पक्के केले. उजेडाची बारीक तिरीप फक्त परितारिकेवर पाडली तर काही होत नाही. तीच बाहुलीतून आत गेली की बाहुली आकुंचते. त्यानंतर १८२३ मध्ये लंडनच्या हर्बर्ट मेयो यांनी कबुतरांवर प्रयोग करून वाट दाखवली. दृष्टिचेता कापली, आणि मेंदूकडे राहिलेले तिचे टोक चिमटले, तर बाहुली आकुंचते. पण तिसरी मस्तिष्कचेता कापली की आकुंचत नाही. याचा अर्थ, दृष्टिचेतेने संदेश आत जातो आणि तिसऱ्या मस्तिष्कचेतेने आज्ञा बाहेर येते.

आज आपण ही वाट पुढीलप्रमाणे सांगतो. दृष्टिपटलावर उजेड पडतो. संदेश दृष्टिचेतेतून मध्यमेंदूच्या मागील भागात पोहोचतो. तिथून तो डावीकडच्या आणि उजवीकडच्या, अशा दोन्ही एडिंगर-वेस्टफाल केंद्रांना मिळतो. ही नावे लुडविग एडिंगर आणि कार्ल वेस्टफाल यांच्यावरून पडली; त्यांची वर्णने अनुक्रमे १८८५ आणि १८८७ ची. तेथून तिसऱ्या मस्तिष्कचेतेमार्फत आज्ञा डोळ्यामागच्या छोट्या चेतागुच्छाकडे जाते आणि शेवटी बाहुली आकुंचवणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचते.

या वाटेतल्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, संदेश दोन्ही बाजूंना वाटला जातो. म्हणून एका डोळ्यात उजेड टाकला तरी दोन्ही बाहुल्या सारख्याच लहान होतात. दुसरी, ही वाट मेंदूच्या मागच्या टोकाशी असलेल्या दृष्टिकेंद्राला वळसा घालून जाते. म्हणून पक्षाघाताने ते केंद्र दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या रुग्णाला काहीही दिसत नाही, पण त्याच्या बाहुल्या उजेडाला व्यवस्थित प्रतिसाद देतात. अशा रुग्णाला सोंग घेणारा समजण्याची चूक होऊ शकते.

३. दुसरा लगाम : मानेतून येणारी चेता

बाहुली लहान करणारी एक यंत्रणा आहे, तशी मोठी करणारीही आहे. ती अनुकंपी चेतासंस्थेची. तिची वाट लांब आणि आडवळणाची आहे. मेंदूतून निघून ती मज्जारज्जूतून छातीपर्यंत उतरते, फुप्फुसाच्या शेंड्याजवळून वर वळते, मानेतल्या मोठ्या रोहिणीला चिकटून पुन्हा कवटीत शिरते आणि डोळ्यापर्यंत पोहोचते.

१७२७ मध्ये फ्रान्सच्या पुरफूर द्यु पेती यांनी कुत्र्यांच्या मानेतील ही चेता कापल्यावर त्याच बाजूच्या डोळ्यात बदल होतात असे दाखवले. मानेतली दोरी कापली आणि परिणाम डोळ्यात, ही गोष्ट त्या काळी चक्रावून टाकणारी होती. पुढे क्लोद बर्नार यांनी त्यावर सविस्तर प्रयोग केले. अमेरिकेच्या यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल व सहकाऱ्यांनी १८६४ मध्ये मानेत गोळी लागलेल्या सैनिकाच्या डोळ्यातील असेच बदल नोंदवले. आणि १८६९ मध्ये झुरिकचे योहान फ्रीड्रिख होर्नर यांनी चाळीस वर्षांच्या एका शेतकरी बाईचे वर्णन प्रसिद्ध केले. एका बाजूची पापणी किंचित उतरलेली, त्याच बाजूची बाहुली लहान, आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागातील उष्णता व घाम यांत फरक. या समूहाला आपण होर्नरचे लक्षणसमूह म्हणतो.

पापणी दोन मिलिमीटर खाली आणि बाहुली थोडी लहान, एवढ्याने दृष्टीला काही अडचण येत नाही. रुग्ण बहुधा त्याची तक्रारही करत नाही. पण वर सांगितलेली वाट आठवा. फुप्फुसाच्या शेंड्यावर वाढणारा कर्करोग असो की मानेतल्या रोहिणीचा आतला पदर फाटलेला असो, पहिली दिसणारी खूण हीच असू शकते. मान अचानक दुखू लागली आणि त्याच बाजूची पापणी उतरली, तर त्या रुग्णाला थांबवून ठेवणे धोक्याचे असते, कारण पुढची पायरी पक्षाघात असू शकते.

४. एडिंबरो ते गोंडल : आर्गाइल रॉबर्टसन

होर्नर यांचा लेख आला त्याच सुमारास एडिंबरोचे नेत्रशल्यविशारद डग्लस आर्गाइल रॉबर्टसन एका विचित्र बाहुलीच्या मागे होते. त्यांचे नाव आधीच गाजले होते. पश्चिम आफ्रिकेतील कॅलबार भागात गुन्हेगाराची परीक्षा घेण्यासाठी एक विषारी बी खायला देत. टॉमस फ्रेझर या मित्राच्या सूचनेवरून त्या बीचा अर्क रॉबर्टसन यांनी स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली. १८६३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. तोपर्यंत बाहुली मोठी करणारी औषधे माहीत होती. आता तिला लहान करणारे औषधही मिळाले. या बीमधील द्रव्याला फायसोस्टिग्मिन म्हणतात. त्याची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

१८६९ मध्ये त्यांनी आधी एका आणि मग आणखी चार रुग्णांचे वर्णन केले. बाहुल्या फार लहान. उजेड टाकला तर हलत नाहीत; पण जवळची वस्तू पाहायला सांगितली की मात्र आणखी लहान होतात. स्नायू चालतो, तिसरी मस्तिष्कचेता चालते, रुग्णाला दिसतेही. मग उजेडाचीच आज्ञा का पोहोचत नाही? या रुग्णांना मज्जारज्जूचा आजार होता. म्हणून बिघाड मज्जारज्जूत असावा असे रॉबर्टसन यांनी मानले. प्रत्यक्षात तो मध्यमेंदूच्या मागील बाजूस, उजेडाच्या वाटेवर असतो. जवळ पाहण्याची वाट थोडी पुढून जाते, म्हणून ती वाचते.

हा मज्जारज्जूचा आजार म्हणजे उपदंशाचा, लोकभाषेत गरमीचा, उशिरा होणारा परिणाम, हे तेव्हा कुणाला ठामपणे सांगता येत नव्हते. उपदंशाचा जंतू १९०५ मध्ये सापडला. वासरमन यांची रक्तपरीक्षा १९०६ ची. मेंदू बिघडलेल्या रुग्णांच्या मेंदूत तोच जंतू नोगुची व मूर यांनी १९१३ मध्ये दाखवला. म्हणजे खूण दिसली आणि तिचे कारण हाती आले, या दोहोंमध्ये चार दशकांहून अधिक काळ गेला. रॉबर्टसन यांच्या हयातीत ही साखळी पूर्ण झाली नाही.

या गृहस्थांचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो सहसा येत नाही. काठियावाडातील गोंडल संस्थानचे ठाकोरसाहेब भगवतसिंहजी यांनी राज्य सांभाळतानाच एडिंबरोत वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतले. १८९५ मध्ये ते एम.डी. झाले. आर्यवैद्यकाच्या इतिहासावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८९६ मध्ये लंडनहून निघाले. भगवद्गोमंडल या गुजराती शब्दकोशामुळे आपण त्यांना ओळखतो, ते हेच. रॉबर्टसन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला होता. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे गोंडलला आलेले असताना ३ जानेवारी १९०९ रोजी रॉबर्टसन यांचा मृत्यू झाला. गोंडली नदीच्या काठी त्यांच्यावर दहनसंस्कार झाले आणि चितेला अग्नी खुद्द ठाकोरसाहेबांनी दिला. जगभरचे वैद्यकाचे विद्यार्थी ज्याच्या नावाची बाहुली पाठ करतात, त्याची रक्षा सौराष्ट्राच्या नदीकाठी मिसळली आहे.

५. चुकीचा शिक्का : एडी यांचा इशारा

विसाव्या शतकाच्या आरंभी परिस्थिती उलटी झाली. आता खुणेचा अर्थ इतका पक्का ठरला होता की उजेडाला प्रतिसाद न देणारी बाहुली दिसली की उपदंश, असे समीकरण बनले. त्यात गुडघ्याला हातोडी मारून पाय उडाला नाही तर शंकाच उरत नसे, कारण उपदंशाच्या मज्जारज्जूविकारातही ही क्रिया नाहीशी होते.

१९३१ मध्ये लंडनचे विल्यम जॉन एडी यांनी दाखवून दिले की असे दिसणारे काही रुग्ण, त्यांत तरुण स्त्रिया अधिक, उपदंशाचे मुळीच नसतात. त्यांची बाहुली बहुधा एकाच डोळ्याची बिघडलेली आणि लहान नव्हे, तर मोठी असते. उजेडाला ती जवळजवळ हलत नाही. जवळ पाहताना हळूहळू आकुंचते आणि तितक्याच सावकाश पुन्हा पसरते. त्याच वर्षी गॉर्डन होम्स यांनीही अशा रुग्णांचे वर्णन केले. हा बिघाड डोळ्यामागच्या चेतागुच्छातला; तो जिवाला घातक नाही. एडी यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच तो निरुपद्रवी असून उपदंशजन्य विकारासारखा भासतो असे म्हटले.

याचे मोल समजण्यासाठी तो काळ डोळ्यासमोर आणा. पेनिसिलिन अजून वापरात आले नव्हते. उपदंशावर आर्सेनिकयुक्त औषधांची दीर्घ आणि त्रासदायक उपचारमाला देत. त्याहून वाईट होती ती बदनामी. एखाद्या विवाहितेच्या बाहुलीवरून तिच्यावर किंवा तिच्या नवऱ्यावर संशय आला तर घर मोडायला तेवढे पुरे होते. अशा वेळी ‘हा आजार तो नव्हे’ एवढे सांगणे हाच उपचार ठरतो. निदान करणाऱ्याची जबाबदारी रोग शोधण्याइतकीच नसलेला रोग न लादण्याचीही असते.

६. हलता उजेड

आता साध्या बॅटरीने होणारी एक चाचणी पाहू. दोन्ही बाहुल्या नेहमी सारख्याच आकुंचतात, हे आपण वर पाहिले. मग एका दृष्टिचेतेला थोडी इजा झाली तर दोन बाहुल्यांची तुलना करून ती कळणार कशी? उत्तर असे की, एका डोळ्यावरचा उजेड झटकन दुसऱ्यावर न्यायचा. निरोगी डोळ्यावर उजेड असताना दोन्ही बाहुल्या लहान होतात. तो दुबळ्या डोळ्यावर नेला की मेंदूला कमी उजेड कळतो आणि दोन्ही बाहुल्या पसरू लागतात. उजेड पडत असताना बाहुली मोठी होणे, हीच ती खूण.

लंडनचे मार्कस गन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दोषाकडे लक्ष वेधले, म्हणून बाहुलीला त्यांचे नाव मिळाले. उजेड आलटून पालटून हलवण्याची पद्धत लेव्हाटिन यांनी १९५९ मध्ये मांडली. दृष्टिचेतेचा दाह झालेल्या तरुण रुग्णाचा डोळा बाहेरून आणि आतूनही निरोगी दिसू शकतो. चाचणी मात्र दोष दाखवते. मोतीबिंदूच्या रुग्णाला तर ती फार उपयोगी. नुसत्या मोतीबिंदूने हा दोष येत नाही. तो आढळला तर मागे दृष्टिपटलाचा किंवा दृष्टिचेतेचा विकार आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी कितपत येईल हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. सुश्रुत आणि गेलेन यांच्या काळातला जुना प्रश्न इथे आपल्याला खात्रीचे उत्तर देतो.

७. उतरलेली पापणी : बी, विष आणि साप

कॅलबारच्या बीकडे परत येऊ. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात स्नायू लवकर थकतात. बऱ्याच रुग्णांत तो डोळ्यांपासून सुरू होतो. सकाळी पापण्या उघड्या, दिवस चढेल तशा त्या उतरतात आणि एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. बाहुली मात्र बिघडत नाही. १९३४ मध्ये लंडनमधील ग्रेनिचच्या रुग्णालयात काम करणाऱ्या मेरी वॉकर यांना या रुग्णांचे क्युरारे विषाची बाधा झालेल्यांशी साम्य जाणवले. क्युरारेवर उतारा म्हणून फायसोस्टिग्मिन ठाऊक होते. त्यांनी ते टोचून पाहिले, आणि उतरलेली पापणी थोड्याच वेळात वर आली. रॉबर्टसन यांनी बाहुलीसाठी तपासलेले द्रव्य असे सत्तर वर्षांनी दुसऱ्याच रोगावर कामी आले. त्याचेच भावंड निओस्टिग्मिन.

भारतात उतरलेल्या पापणीचे आणखी एक कारण प्रत्येक आरोग्यसेवकाला माहीत असले पाहिजे : नाग आणि मण्यार यांचा दंश. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंशाची जागा सुजत नाही, बरेचदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास मंदावतो. घरचे म्हणतात, झोप झाली नसेल. पापण्या उतरणे ही इथे श्वास थांबण्याच्या आधीची सूचना असते. प्रतिविष आणि वेळ पडल्यास कृत्रिम श्वास हाच खरा उपचार. नागाच्या दंशात अॅट्रोपिनसोबत दिलेले निओस्टिग्मिन मदत करू शकते. मण्यारीच्या विषावर त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण ते चेतातंतूच्या टोकालाच इजा करते.

सापाने या शास्त्राला एक देणगीही दिली. तैवानमध्ये चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये तिथल्या पट्टेरी मण्यारीच्या विषातून एक घटक वेगळा काढला. तो स्नायूवरील ग्राहींना घट्ट चिकटतो. त्याच्या साहाय्याने ग्राही मोजता आले आणि मायस्थेनियात ते घटलेले असतात हे १९७३ मध्ये दिसून आले. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते, हे त्यातून स्पष्ट होत गेले.

८. बेशुद्धी, मृत्यू आणि कायदा

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची एक बाहुली मोठी होऊन स्थिर झाली तर ती धोक्याची घंटा असते. एकोणिसाव्या शतकात लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी या खुणेकडे लक्ष वेधले. कवटी बंद पेटीसारखी आहे. आत रक्त साचले की मेंदूचा आतला काठ खाली सरकतो आणि तिसऱ्या मस्तिष्कचेतेवर दाब देतो. बाहुलीचे तंतू त्या चेतेच्या पृष्ठभागावर असल्याने दाबाचा पहिला फटका त्यांना बसतो. याच कारणाने, पापणी उतरलेली आणि डोळा बाहेर वळलेला असताना बाहुलीही मोठी असेल तर रक्तवाहिनीच्या फुग्याचा दाब असण्याची शंका घेतात; मधुमेहाने चेतेच्या गाभ्याला इजा झाली असेल तर बाहुली बहुधा वाचते.

डोळ्यांच्या इतर प्रतिक्षिप्त क्रियाही मेंदूस्तंभाची हकीकत सांगतात. पारपटलाला कापसाचा स्पर्श केला की पापणी मिटते. कानात थंड पाणी सोडले की डोळे वळतात. कानातील तोलयंत्रणा आणि डोळे यांचे हे नाते उलगडल्याबद्दल रोबेर्ट बाराणी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

कृत्रिम श्वासाची यंत्रे आल्यावर नवा प्रश्न उभा राहिला : मेंदू कायमचा थांबला पण हृदय चालू आहे, अशा माणसाला काय म्हणायचे? १९५९ मध्ये मोलारे आणि गुलों या फ्रेंच डॉक्टरांनी अशा अवस्थेचे वर्णन केले. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. १९९५ मध्ये हा कायदा प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करायची असते. बाहुलीचा प्रतिसाद, पारपटलाची क्रिया, डोके वळवल्यावर आणि कानात थंड पाणी सोडल्यावर डोळ्यांची हालचाल, या सर्व चाचण्या त्यात येतात. शिवाय यंत्र काढल्यावर श्वास येतो का हेही पाहतात.

पण त्याआधी एक अट आहे : असे चित्र उभे करणारी दुसरी कारणे वगळली पाहिजेत. शरीर फार थंड असणे, गुंगीची औषधे, आणि मण्यारीचे विषही. मण्यारीच्या तीव्र दंशात बाहुल्या मोठ्या व स्थिर होतात, पापण्या बंद, हातपाय निश्चल, श्वास नाही. तरी मेंदू जिवंत असतो आणि यंत्रावर ठेवलेला रुग्ण काही दिवसांनी बरा होऊन घरी जाऊ शकतो. खूण तीच, अर्थ पूर्ण उलटा. इतिहास जाणणारा डॉक्टर इथे घाई करत नाही.

९. आंधळे उंदीर

१९२७ मध्ये अमेरिकेच्या क्लाइड कीलर यांनी जन्मतः दृष्टिपेशी नष्ट झालेल्या उंदरांच्या बाहुल्या उजेडात आकुंचतात असे नोंदवले. दृष्टिपेशींखेरीज डोळ्यात उजेड ओळखणारे काही असेल, हे त्या काळात पटण्याजोगे नव्हते, आणि निरीक्षण बाजूला पडले. १९९८ मध्ये मेलॅनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य प्रथम बेडकाच्या त्वचेत सापडले. २००२ मध्ये बर्सन व सहकाऱ्यांनी दाखवले की दृष्टिपटलातील काही चेतापेशी स्वतःच उजेड ओळखतात. बाहुलीला उजेडाची खबर देणे आणि शरीराचे दिवसरात्रीचे घड्याळ लावणे, ही त्यांची कामे. पंचाहत्तर वर्षे बाजूला पडलेल्या निरीक्षणाला अखेर अर्थ मिळाला.

समारोप

या इतिहासात महागडी यंत्रे फार थोडी आली. शलाका, तिरीप, बी, हातोडी, बॅटरी एवढ्यावर बराचसा प्रवास झाला. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यालाही तो उपयोगी आहे. तुमच्याजवळ बॅटरी असेल तर बाहुली पाहा, दोन्ही डोळे पाहा, पापणी पाहा, आणि जे दिसले ते वेळेसह लिहून ठेवा. अर्थ लावण्याची घाई करू नका. पण खूण पाहायला विसरू नका. एका तासापूर्वी सारख्या असलेल्या बाहुल्या आता सारख्या नाहीत, ही एक ओळ कागदावर असली तर पुढच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकाला निर्णय घेता येतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गेलेनची कसोटी आंधळ्या डोळ्यालाही उत्तीर्ण का करते, ते बाहुलीच्या चेतामार्गाच्या आधारे स्पष्ट करा.

२. मानेतील किंवा छातीतील विकाराची खूण डोळ्यात का दिसते?

३. आर्गाइल रॉबर्टसन यांनी वर्णिलेली बाहुली आणि एडी यांनी वर्णिलेली बाहुली यांतील फरक सांगा. हा फरक ओळखणे रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे का होते?

४. मेंदूस्तंभाच्या मृत्यूची तपासणी करण्यापूर्वी सर्पदंशाची शक्यता वगळणे का आवश्यक आहे?